बालवाङ्मयातील असंबद्धाची गोडी

१८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले. शहराचे नावही लष्कर असेच राहिले. शिंद्यांबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्या त्यानंतर तेथे नांदल्या. अशा घरातील मूल आज शाळा शिकते ती हिंदीतून किंवा इंग्रजीतून, गल्लीत खेळते ते हिंदीतून, आणि रात्री आजीच्या कुशीत शिरून बोलते ते मराठीतून. या मुलाला 'शिक्षा' या शब्दाने एकदा तरी चकविलेले असतेच. शाळेतील शिक्षा म्हणजे शिक्षण. घरातील शिक्षा म्हणजे छडी, नाहीतर उठाबशा. सरकारी कचेरीवर 'शिक्षा विभाग' अशी पाटी पाहिली की आत छड्यांची केवढी मोठी कोठी असेल, असा विचार त्या चिमुकल्या डोक्यात येतो. चौकातील 'यातायात पुलिस' हे मराठी कानाला लोकांना दगदग देण्यासाठी मुद्दाम नेमलेले पोलीस वाटतात. शेजारीण 'डिब्बा खाली है' म्हणाली की मूल वाकून पलंगाखाली पाहते.

वडीलमाणसे चूक सुधारतात आणि त्यांच्यापुरता विषय संपतो. मुलाचा मात्र तो संपलेला नसतो. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य ते पुन्हा म्हणते, पुन्हा पलंगाखाली वाकते आणि आपणच खदखदून हसते. हे दुसऱ्या वेळचे हसणे फार महत्त्वाचे आहे. पहिल्या दिवशी चूक झाली होती. दुसऱ्या दिवशी ती केली गेली. ज्याला बरोबर काय ते पक्के कळले आहे, त्यालाच चूक करण्याची चैन परवडते. लहान मुलांच्या सचित्र पुस्तकांतून जो असंबद्ध, निरर्थक, मोठ्यांच्या दृष्टीने केवळ बाष्कळ असा विनोद आढळतो, त्याचे मूळ या खेळात आहे.

निरर्थक म्हणजे वाटेल ते, अशी एक समजूत आहे. ती खरी नव्हे. समजा, कोणी असे सांगू लागला की एका हत्तीला पडसे झाले. हत्तीचे नाक ते. तेव्हा रुमाल तंबूएवढा लागला. रुमाल धुवायला गावातले सगळे धोबी बोलवावे लागले. वाळत घालायला दोरी पुरेना, म्हणून तो ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पसरला. किल्ल्याची लांबी जवळजवळ तीन किलोमीटर, तरी एक कोपरा खाली लोंबतच राहिला आणि त्या सावलीत बाजार भरला. येथे खोटे असे एकच आहे. हत्तीला माणसासारखा रुमाल लागतो, हे एकदा मान्य केले की पुढील प्रत्येक पायरी एखाद्या मुनीमाच्या हिशेबासारखी चोख उतरते. याउलट हत्तीला पडसे झाले, मग पाऊस पडला, मग रुमालाचे विमान झाले आणि मग सगळ्यांनी जिलेबी खाल्ली, असे कोणी सांगितले तर पाच वर्षांचे पोर तोंड फिरविते. त्यात नियम मोडलेला नसतो. नियम मुळात असतच नाही. शंभर नियम पाळून एकच मोडावयाचा, आणि तोही गंभीर चेहऱ्याने, ही या विनोदाची रीत होय. म्हणूनच चांगले निरर्थक लिहिणारे लेखक कोणत्याही भाषेत मोजकेच निघतात.

मराठीत छापील बालवाङ्मयाचा आरंभ मात्र अगदी निराळ्या दिशेने झाला. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'इसपनीतिकथा' आणि 'बाळमित्र' ही दोन्ही पुस्तके १८२८ च्या सुमारास निघाली. दोन्हींचे मूळ परकीय आणि दोन्हींचा हेतू मुलांना चांगले वळण लावणे हा होता. त्या काळी पुस्तक महाग होते, वाचता येणारी मुले थोडी होती. तेव्हा कागद आणि शाई खर्च करावयाची ती काहीतरी पदरात पडावे म्हणून, असे वाटणे स्वाभाविकच होते. कोल्ह्याने द्राक्षांना आंबट म्हटले, ते मुलांना शहाणे करण्यासाठी. अडचण एवढीच झाली की ही सवय पुढे शंभर वर्षे सुटली नाही. गोष्टीच्या शेवटी तात्पर्य नसेल तर मूल्य वसूल झाले नाही, असे मराठी पालकाला वाटू लागले. आजही पुस्तकाच्या दुकानात बालवाङ्मयाच्या कपाटापुढे उभा असलेला गृहस्थ पहिले पान न पाहता शेवटचे पान उघडतो.

छापखान्याबाहेर मात्र निरर्थकाचे राज्य अबाधित होते. 'अडगुलं मडगुलं' म्हणत तान्ह्याला न्हाऊमाखू घालणाऱ्या कोणत्या आजीने त्या शब्दांचा कोश उघडला होता? खेळात राज्य कोणावर, हे ठरविताना मुले जी अक्षरे मोजतात, त्यांनाही अर्थ नसतो. ताल असतो, आणि न्यायही असतो, कारण शेवटचे अक्षर ज्याच्यावर येईल त्याला ते मुकाट्याने मान्य करावे लागते. हिंदी मुलखातही हाच प्रकार आहे. 'अक्कड बक्कड' ग्वाल्हेरच्या गल्लीतील प्रत्येक मुलाला येते, मग घरची भाषा कोणतीही असो. अमीर खुस्रो यांच्या नावावर 'ढकोसला' नावाची असंबद्ध रचनाच परंपरेने सांगितली जाते. कथा अशी की, तहानलेले खुस्रो विहिरीवर आले, तेव्हा तेथील चौघी बायकांनी पाणी देण्याआधी कविता मागितली. एकीला खिरीवर हवी, दुसरीला चरख्यावर, तिसरीला कुत्र्यावर आणि चौथीला ढोलावर. कवीने चौघींचे एकाच रचनेत भागविले आणि पाणी मिळविले. कथा खरी असो वा नसो, तहान लागल्यावर असंबद्ध बोलणेही किती नेमके होते, याचा हा नमुना आहे.

येथे कोणी म्हणेल की असंबद्ध बोलणे आपल्या संतांनीही केले आहे. ज्ञानदेवांच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध रूपकात काट्याच्या टोकावर गावे वसविली आहेत, आणि कबिराच्या उलटबांसी तर सर्वश्रुतच आहेत. ते खरे आहे. पण तेथे कुलूप आहे आणि किल्लीही आहे. ऐकणाऱ्याने बुचकळ्यात पडावे आणि मग आतील अर्थापर्यंत जावे, अशी ती योजना असते. मुलांच्या निरर्थकाला कुलूपच नसते. त्यात आत काय दडले आहे, असे विचारणारा शिक्षक वर्गातील अर्धी गंमत घालवितो. आणि त्यावर प्रश्नपत्रिका काढणारा उरलेली.

आजीच्या तोंडचे हे निरर्थक मराठीत पुस्तकाच्या पानावर, चित्रांसह, मोठ्या तोलाने उतरले ते विंदा करंदीकरांमुळे. 'राणीची बाग' आणि 'एकदा काय झाले' ही त्यांची बालकवितांची पुस्तके १९६१ सालची. 'एटू लोकांचा देश' १९६३ मधले. छत्र्यांच्या पुस्तकांपासून मोजले तर मध्ये सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. प्रौढांसाठी इतके कठोर आणि विचारप्रधान काव्य लिहिणारा, पुढे ज्ञानपीठाचा मानकरी झालेला हा कवी मुलांसाठी मात्र प्राणिसंग्रहालयातील जनावरांना माणसांसारखे हट्ट करावयास लावतो, नसलेल्या देशाच्या रीतिभाती सांगतो, आणि कोठेही बोधाचे बोट वर करीत नाही. पुढे आलेल्या त्यांच्या एका बालकवितासंग्रहाचे नावच 'अडम् तडम्' आहे. ती मुलांच्या मोजणीतलीच अक्षरे.

या प्रकाराचे इंग्रजीतील आद्य नाव एडवर्ड लिअर यांचे, आणि त्यांचा महाराष्ट्राशी संबंध आला होता, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. लिअर हे मूळचे चित्रकार. १८३२ साली, वयाच्या विशीत, त्यांनी पोपटांच्या जातींवर मोठा चित्रसंग्रह पुरा केला. त्यातील पिसांची अचूकता पक्षिशास्त्रज्ञांनीही वाखाणली. डर्बीच्या उमरावाच्या प्राणिसंग्रहातील पशुपक्ष्यांची चित्रे काढण्यासाठी ते त्याच्या वाड्यावर राहत असत. तेथील मुलांच्या करमणुकीसाठी त्यांनी वेड्यावाकड्या म्हाताऱ्यांची पद्ये आणि रेखाचित्रे केली, ती १८४६ साली पुस्तकरूपाने निघाली. अपस्माराचे दुखणे त्यांनी जन्मभर लोकांपासून लपविले, ही गोष्ट त्या हसऱ्या पानांमागे आहे.

१८७३ च्या नोव्हेंबरात लिअर मुंबईस उतरले. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानची दृश्ये रंगविण्यासाठी आले होते. १८७४ च्या पावसाळ्यात त्यांचा मुक्काम पुण्यास होता. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्यांची 'द कमरबंड' ही कविता छापून आली. कमरबंद म्हणजे कंबरेला गुंडाळावयाचा पट्टा, हे त्यांना अर्थातच ठाऊक होते. परंतु कवितेत तो एक भयंकर प्राणी झाला आहे आणि नायिकेला गिळून टाकतो. साहेबाच्या घरात रोज कानांवर पडणारे सगळे देशी शब्द तेथे असेच जागा बदलून आले आहेत. धोबी हे बाईंचे आसन आहे, खानसामे हे उंच वृक्ष आहेत, चपराशी नदीत माशांसारखे पोहतात, नाल्यांना फांद्या फुटल्या आहेत आणि भिस्ती झाडांवरून पाखरांसारखे चिवचिवतात.

विलायतेतील मुलाला या कवितेत केवळ गोड आणि अनोळखी नाद ऐकू येतो. मुंबई-पुण्यातील इंग्रजाला, ज्याच्या दारात खरा भिस्ती पखाल घेऊन उभा असे, तिच्यात थट्टा दिसते. मराठी वाचकाला तर तिसरेच काही दिसते: त्याचे रोजचे, घामाचे, बाजारातले शब्द दुसऱ्याच्या जिभेवर गेले की असे नुसते रंगीत होतात. राबणाऱ्या माणसांची झाडे आणि मासे केले म्हणून कोणी नाक मुरडले, तर त्याला दोष देता येणार नाही. तरी लिअर यांनी एक गोष्ट अचूक हेरली होती. शब्दाचा अर्थ काढून घेतला तरी त्याचा नाद शिल्लक राहतो, आणि नादालाही स्वतःचे एक रूप असते. 'चपराशी' हा शब्द कानांना खरोखरच पाण्यात शेपूट आपटल्यासारखा लागतो.

लिअर यांच्याप्रमाणेच स्वतः लिहून स्वतः चित्रे काढणारा दुसरा थोर लेखक बंगालने दिला. सुकुमार राय हे मुद्रणविद्या शिकण्यासाठी इंग्लंडला जाऊन आले होते. त्यांचे वडील उपेंद्रकिशोर यांनी १९१३ साली 'संदेश' हे मुलांचे मासिक काढले होते. वडिलांच्या मागे ते सुकुमारांनी चालविले. १० सप्टेंबर १९२३ रोजी, ऐन छत्तिशीत, काळज्वराने त्यांचा अंत झाला. 'आबोल ताबोल' हा त्यांचा निरर्थक कवितांचा सचित्र संग्रह छापून आला तो त्यानंतर नऊ दिवसांनी. आपले हे पुस्तक बांधलेल्या स्वरूपात त्यांना पाहावयास मिळाले नाही.

त्या पुस्तकात काही संकरित प्राणी आहेत, आणि त्यांची घडण मराठी वाचकालाही सहज कळेल, कारण तिचा पाया व्याकरण हाच आहे. 'बक' आणि 'कच्छप' यांचा 'बकच्छप'. 'हाति' आणि 'तिमि' म्हणजे देवमासा, यांचा 'हातिमि'. पहिल्या शब्दाचे शेवटचे अक्षर आणि दुसऱ्याचे पहिले अक्षर एकच, म्हणून दोन देह तेथे जोडले गेले. जणू जनावरांचा संधीच! ही कृती एकदा सांगितली की कोणताही वर्ग पाच मिनिटांत नवे प्राणिसंग्रहालय उभे करतो. ससा आणि साळिंदर यांचा ससाळिंदर होतो, मगर आणि रेडा यांचा मगरेडा, कासव आणि वटवाघूळ यांचा कासवटवाघूळ. संधीचे नियम पाठ करताना जांभया देणारी मुले येथे अक्षर जुळत नाही म्हणून एकमेकांशी हमरीतुमरीवर येतात. मग त्या प्राण्याचे चित्र काढावयाचे ठरते, आणि खरा पेच पडतो: काट्यांनी कान झाकावे की नाही? मगरेड्याने पाण्यात राहावे की गोठ्यात?

चित्राचे महत्त्व येथेच आहे. शब्द लबाडी करतात आणि चित्र तिची साक्ष काढते. ससाळिंदर असा नुसता उच्चार केला तर तो हवेत विरून जातो. पण त्याच्या चारही पायांची नखे, त्याची मिशी आणि बसण्याची पद्धत नीट रेखाटलेली दिसली की नाकारावयाचे कसे? म्हणून अशा पुस्तकाच्या चित्राने स्वतः हसू नये. आजकाल पुष्कळ पुस्तकांत प्रत्येक प्राण्याचे डोळे बटाट्याएवढे आणि तोंड कानापर्यंत फाकलेले असते. मुलाने हसावे म्हणून चित्रकारच आधी हसून घेतो, आणि मुलाला करावयाला काही उरत नाही. लिअर किंवा सुकुमार राय यांच्या चित्रांतील मंडळी आपल्या विचित्र स्थितीत किती शांतपणे, किंबहुना किती दुःखी चेहऱ्याने बसलेली असतात! पोपटाचे प्रत्येक पीस मोजून काढलेल्या हाताने ती काढली आहेत. हत्तीच्या रुमालाचे चित्र कोणी काढावयास घेतलेच, तर त्यातील धोब्यांनी घाम पुसत, चिमटे मोजत काम करावे. आणि चिमटे कमी पडल्याची चिंता मुकादमाच्या कपाळावर दिसावी.

अशा पुस्तकांनी मुलांचा गोंधळ होतो, सत्य काय आणि असत्य काय हे त्यांना कळेनासे होते, ही भीती नवी नाही. रशियात कर्नेई चुकोव्स्की यांच्या मगरीवरील बालकाव्यावर १९२८ साली 'प्रावदा'सारख्या पत्रातून टीका झाली, आणि ती करणाऱ्या क्रूप्स्काया या लेनिन यांच्या पत्नी होत्या. चुकोव्स्की यांनी उत्तरादाखल मुलांचे बोलणेच पुढे ठेवले. दोन ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या भाषेवरील त्यांच्या पुस्तकात त्यांच्याच मुलीची हकीकत आहे. दोन वर्षेही पुरी न झालेली ती मुलगी एके दिवशी धावत आली आणि कुत्रा म्याँव करतो, अशी बातमी देऊन हसू लागली. कुत्रा भुंकतो आणि मांजर म्याँव करते, हे तिला नुकतेच पक्के समजले होते. त्या नव्या ज्ञानाचा आनंद नुसता पाठ म्हणून दाखविण्यात मावेना, म्हणून तिने ते उलटे करून पाहिले. चुकोव्स्की यांचे म्हणणे असे की, उलट्या जगाची गंमत मुलाला सुलट जग अधिक घट्ट धरावयास शिकविते. ज्या मुलाला कुत्र्याचा आवाजच ठाऊक नाही, ते या विनोदाला हसणार नाही. ते मान हलवून विश्वास ठेवील. तेव्हा काळजी करावयाची तर न हसणाऱ्या मुलाची करावी.

ग्वाल्हेरच्या किंवा इंदूरच्या, बडोद्याच्या मराठी घराला या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे आणि ती अधिक निकडीची आहे. कोल्हा आणि द्राक्षे ही गोष्ट हिंदीत तेवढीच चांगली आहे, इंग्रजीतही. शिवरायांचे चरित्र मुलाला कोणत्याही भाषेतून समजेल. बोध भाषांतराने पोहोचतो, माहितीही पोहोचते. निरर्थक तेवढे पोहोचत नाही, कारण त्यात नेण्याजोगा अर्थच नसतो. जे असते ते सगळे त्या भाषेच्या नादात, अक्षरांत आणि जोडणीत असते. भा. रा. भागवतांनी लुई कॅरॉलची ॲलिस मराठीत आणली, तेव्हा तिला जाई हे नाव दिले आणि पुस्तकाला 'जाईची नवलकहाणी'. शब्दांवरच्या अशा खेळात शब्दाला शब्द देऊन भागत नाही. मराठीत नवा खेळ मांडावा लागतो, आणि मग त्यात एखादी जाईच शोभते.

याचा अर्थ असा होतो की, मराठी मुलखापासून दूर वाढणाऱ्या मुलाने मराठी का वाचावे, याचे सर्वांत खरे उत्तर नेमके त्या पुस्तकांत आहे, जी पालक सर्वांत शेवटी विकत घेतात. पुण्याहून परतणारे काका-मामा पिशवीतून आणतात ती थोर पुरुषांची चरित्रे, शुद्धलेखनाचे पुस्तक, फार तर पंचतंत्र. मूल ते आदराने घेते आणि आदरानेच फळीवर ठेवते. त्या मजकुरासाठी त्याला मराठीची गरज नसते. 'मगरेडा' मात्र त्याला दुसऱ्या कोणत्याही भाषेत मिळणार नाही.

अशी पुस्तके वाचून दाखविण्याचीही एक रीत आहे. ती आजीला येते, पदवीधर आईबापांना पुष्कळदा येत नाही. मध्येच थांबून 'म्हणजे काय, कळले का?' असे विचारू नये. घाईने पान उलटू नये. चित्रावर मुलाचा डोळा रेंगाळत असेल तोवर बोट तेथेच राहू द्यावे. मुलाने शब्द चुकीचा म्हटला आणि त्याचे त्यालाच हसू आले, तर तो चुकलेला शब्दही पुस्तकातलाच आहे असे समजावे. एकच पान सात वेळा वाचावे लागले तर सातही वेळा सारख्याच गंभीरपणे वाचावे.

ग्वाल्हेरचे म्हणून एखादे असे चित्रपुस्तक निघावयास काही हरकत नाही. साहित्य गावात पडून आहे. राजकवी भास्कर रामचंद्र तांबे यांचे अखेरचे वास्तव्य येथलेच. मराठीच्या कानाला हिंदी मुलखाची हवा मानवते, हे त्यांच्या कवितेने केव्हाच दाखवून दिले आहे. तानसेनाची समाधी येथे आहे, ख्यालगायकीचे जुने घराणेही येथलेच. आणि मराठीत ज्याला राग म्हणजे संताप म्हणतात, तोच शब्द या गावात तंबोऱ्यावर बसलेला असतो. पहिल्या पानावर शाळेतून आलेला नातू वाड्याच्या दारातून ओरडतो आहे की काकांना राग आला. समोरच्या पानावर काका डोळे वटारून, मिशा पिंजारून, तंबोरा छातीशी घट्ट धरून बसले आहेत, बाजूला तबलजी घाबऱ्याघाबऱ्या सम शोधतो आहे, आणि आजी चष्मा पुसत शांतपणे विचारते आहे, "कोणता रे?"